शेऱ्याचा रकाना

मी जात्याच भित्री. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला परळच्या नाक्यावरून घरी परत आलेली बाई आहे मी, आणि तेही एकाच दिवसात तीनदा. बँकेत सही करताना माझा हात असा कापतो की काउंटरवरचा माणूस सही आणि मी, दोघींकडे संशयानं बघतो. अशा बाईनं पन्नाशी उलटल्यावर वेबसाइट काढायला घेतली. मला कुणी तरी आवरायला हवं होतं, पण घरात आम्ही दोघीच, मी आणि आई, आणि आईच्या पुढे बोलायची कुणाची टाप नाही.

आईचं वधूवर सूचक केंद्र आहे. लालबागला चाळीत तळमजल्यावरची आमची खोली, तिच्या पुढच्या निम्म्यात केंद्र आणि मागच्या निम्म्यात आम्ही. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा आईनं हे सुरू केलं, ते आजतागायत चालू आहे. एवढ्या लोकांची लग्नं जमवली मग लेकीचं का नाही जमलं, असं विचारायचं मनात आलं असेल तर विचारू नका. येणारा प्रत्येक माणूस विचारतो. आई म्हणते, हिच्या पसंतीस कोणी उतरलंच नाही. खरं म्हणजे मलाच भीती वाटायची.

केंद्र म्हणजे मुख्यतः एक वही. लांबलचक, जाड पुठ्ठ्याची, आडवी उघडणारी. नाव, वय, उंची, शिक्षण, नोकरी, गाव, अपेक्षा, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना, ‘शेरा’. कुणी स्थळं बघायला आलं की आई वही उघडायची आणि शेवटच्या रकान्यावर साडीच्या खोक्याची कापलेली एक पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची. तो रकाना तिचा एकटीचा. ‘मुलगा अधूनमधून घेतो.’ ‘पहिलं लग्न तीन महिन्यांत मोडलं, मुलीचा दोष नाही.’ ‘वडील तोंडाळ, बोलणी मामांशी करावीत.’ लोक येऊन आईच्या कानात सांगायचे आणि ती लिहून ठेवायची. लपवायला नव्हे. बोलणी जरा पुढे सरकली की ती समोरच्या घरातलं एक समजूतदार माणूस बोलावून घ्यायची, चहा द्यायची आणि काय ते तोंडानं सांगायची. तिच्या शब्दावर लोक विश्वास ठेवायचे, म्हणून बरीचशी लग्नं त्यानंतरही ठरायची.

या वर्षी एक जोडपं आलं, करी रोडचं. जुनी चाळ पाडून झालेल्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहणारं. मुलगी अठ्ठावीस वर्षांची, भायखळ्याच्या एका शाळेत शिक्षिका. आधी मुलीला घेऊन आले होते, फॉर्म भरून गेले. दोन दिवसांनी भर दुपारी दोघंच आले, मुलीशिवाय. बाप पंख्याकडे बघत होता, मुलीची आई बोटातली अंगठी फिरवत होती. मी मागे चहा टाकला होता, तरी सगळं ऐकू आलं. मुलगी दत्तक होती, दीड महिन्याची असताना आणलेली, आणि तिला हे माहीत नव्हतं. आईनं त्यांना सरळ सांगितलं की आधी पोरीला सांगा, मग स्थळं बघा. ती बाई रडायला लागली. म्हणाली, “सांगू हो, साखरपुड्याच्या आधी नक्की सांगू, एवढा वेळ द्या.” आईनं वहीत लिहिलं: ‘दत्तक. मुलीस माहीत नाही. ठरण्याआधी मुलाकडे मी सांगणार.’

आता साइटचं. ते खूळ माझं नव्हतं, लोकांनीच माझ्या डोक्यात घातलं. आधी मुलाचे वडील पिशवीत पत्रिका घेऊन स्वतः यायचे. आता मुलगा बेंगळुरूला, आईवडील ठाण्याला आणि फोनवर पहिला प्रश्न, “तुमची साइट कुठली?” साइट नाही म्हटलं की पलीकडून “अच्छा” येतं आणि फोन ठेवला जातो. त्या अच्छाची मला धडकी भरायला लागली. त्यात आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही वहीतली अक्षरं तिला दिसेनात. केंद्र बंद पडलं तर आई चार भिंतींत बसून किती दिवस काढेल, हा विचार आला की मला रात्री झोप लागायची नाही.

दादरला एका ऑफिसात चौकशीला गेले. एसी एवढा की पदर अंगाभोवती गुंडाळून बसले. समोर एक तरतरीत मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं नीट समजावलं, खोटं कशाला बोलू. म्हणाली, “मॅडम, दोन मार्ग आहेत. एक म्हणजे आम्ही तुमच्यासाठी सगळं वेगळं बांधून देतो. प्रत्येकाला पासवर्ड, कुणाला काय दिसेल ते तुम्ही ठरवायचं. वेळ लागेल. दुसरा म्हणजे तयार साचे मिळतात, महिन्याला भाडं भरायचं, माहिती आपली आपण टाकायची. पंधरा दिवसांत साइट उभी. पण तुमच्याकडे लोकांची खासगी माहिती आहे, तर मी पहिलाच सुचवेन.” मग तिनं विचारलं, “डेटा कशात आहे?”

मी म्हटलं, “वहीत.”

“मग वही आमच्याकडे सोडा दोन-तीन दिवस. टीम टाइप करून घेईल.”

वही सोडा! जणू काही धोब्याकडे चादर सोडायची होती. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. त्या टीममध्ये कोण पोरंपोरी असतील, त्यांतल्या एखाद्याची मावशी करी रोडला राहत असेल, जेवताना गंमत म्हणून बोलून जाईल, आणि झालं! मी “विचार करून सांगते” म्हणाले आणि जिना उतरले. दादरहून लालबागपर्यंत चालत आले. भीती वाटली की मला चालल्याशिवाय राहवत नाही.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, “वही घराभायर जावची नाय.” घरात ती मालवणीच बोलते. मग प्रश्नच मिटला. तयार साचा घ्यायचा, माहिती मी भरायची, वही घरातच राहणार. मला केवढं सुरक्षित वाटलं! आता मागे वळून बघते तर ती निवड अशी नव्हतीच. जिकडे पळायला वाट दिसली तिकडे मी पळाले होते.

तीन आठवडे मी टाइप करत होते. सकाळी वरणाचा कुकर लावायचा, आईला शेजारी खुर्चीवर बसवायचं आणि एकेक ओळ कॉम्प्युटरवर चढवायची. शेऱ्यापाशी आले तेव्हा मी थांबले. म्हटलं, “हे नको गं. हे वहीतच असू दे.”

“घाल गो, शेरो पण घाल,” आई म्हणाली. “माका वही दिसत नाय. तू मोठ्या अक्षरात दाखवलंस तर वाचीन तरी.”

तिचं बरोबर होतं. स्क्रीनवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं, आणि शेरे न वाचता ती केंद्र चालवणार कशी? साच्यात सोयही होती. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर डोळ्याचं चित्र होतं, त्यावर टिचकी मारली की डोळा मिटायचा आणि तो रकाना लोकांच्या पानावरून गायब व्हायचा. आम्हाला आत दिसणार, बाहेर कुणाला नाही. मी शेऱ्याचा डोळा मिटला. पान उघडून बघितलं, शेरा नव्हता. पुन्हा बघितलं. करी रोडच्या मुलीचं पान तर मी दिवसातून चार-पाच वेळा उघडायची. नाव, वय, उंची, शाळा, गाव, अपेक्षा, बस्स. आई म्हणाली, “किती वेळा बघशीत? तो डोळो काय आपणहून उघडतलो?”

एका गुरुवारी दुपारी मी नाव नोंदवलेल्या सगळ्या मुलामुलींना मेसेज पाठवला. खूप खाडाखोड करून तयार केलेला मेसेज होता तो. आपल्या केंद्राची साइट सुरू झाली आहे, खालच्या लिंकवर आपलं पान उघडून तपासून घ्या, काही चूक असल्यास कळवा. शंभरावर लोकांना गेला. भराभर अंगठे आले, फुलं आली, हात जोडलेले आले. मी आईला वाचून दाखवले. त्या संध्याकाळी आम्ही कांदाभजी केली, इतकं बरं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास भायखळ्याच्या एका मुलाचा फोन आला. आमच्याकडे नाव नोंदवलेला, चांगला हसतमुख मुलगा.

“मावशी, आमचे बाबा तोंडाळ आहेत हे एकदम बरोबर आहे,” तो म्हणाला, “पण ते साइटवर टाकायची काय गरज होती? बाबांनी बघितलं ना, तर तुम्हाला आणि मला दोघांना सोडणार नाहीत.”

मी म्हटलं, “काय बोलतोयस?”

“शेरा म्हणून खाली लिहिलंय ना.”

मी कॉम्प्युटरकडे धावले. त्याचं पान उघडलं. शेरा नव्हता. जिवात जीव आला. “अरे, कुठाय? इथे काहीच नाही.”

“मोबाइलवर बघा ना, मावशी.”

मी मोबाइलवर साइटचं फक्त पहिलं पान बघितलं होतं, कलशाच्या फोटोचं. तेवढं छान दिसतंय म्हणून खूश होऊन फोन ठेवून दिला होता. माझ्या चष्म्याला त्या एवढ्याशा पडद्यावरचं दिसत नाही, म्हणून बाकी सगळं मी कॉम्प्युटरवर तपासलं होतं. त्या साच्यात मोबाइलची मांडणी वेगळी होती आणि तिचा डोळाही वेगळा होता, हे मला कोण सांगणार? तो डोळा टक्क उघडा होता. आणि हल्ली वेबसाइट कॉम्प्युटरवर बघतं कोण!

भायखळ्याचा मुलगा काय बोलत होता ते ऐकूच येईना. मी करी रोडच्या मुलीचं पान उघडलं. फोटोत ती छान हसत होती, हिरव्या साडीत. खाली नाव, वय, उंची, आणि सगळ्यात शेवटी, आईनं सांगितलेलं आणि मी माझ्या या बोटांनी टाइप केलेलं: दत्तक. मुलीस माहीत नाही.

शेरे सगळ्यांचेच उघडे पडले होते. दारूचे, मोडलेल्या लग्नांचे, सगळे. त्या पापाचं मी वेगळं भोगलं, पुढे दोन घरांनी नावं काढून घेतली आणि ते योग्यच होतं. पण त्या क्षणी मला एकच मुलगी दिसत होती. बाकीच्यांना आपापला शेरा माहीत होता. हिला नव्हता. आणि लिंक आली की माणूस सगळ्यात आधी काय उघडतो? स्वतःचं पान. मीच तर सांगितलं होतं उघडायला.

साइट बंद करायला मला पाऊण तास लागला. पासवर्ड चुकत होता, मोबाइलवर आलेला आकडा टाकेपर्यंत तो शिळा होत होता. शेवटी पान उघडेनासं झालं. गुरुवारी दुपारपासून शुक्रवारी जवळजवळ बारापर्यंत ते सगळं जगासमोर होतं.

आईला सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “तिका फोन करू नको. तिना बघूकच नाय तर?”

तेच तर! तिनं बघितलं नसेल आणि मी फोन केला, तर मीच सांगितल्यासारखं होणार. तिनं बघितलं असेल आणि मी फोन केला नाही, तर ती शाळेत, मुलांच्या समोर, फळ्याकडे तोंड करून उभी असणार आणि तिला विचारायला कुणी नसणार. तिच्या आईवडिलांना कळवावं तर ते काय करतील? ती बाई मरेल, असं माझ्या मनात आलं. खरोखर तेच शब्द आले. अठ्ठावीस वर्षं जपलेली गोष्ट मी एका डोळ्याच्या चित्रावर सोडली होती. दादरच्या त्या मुलीनं मला सांगितलं होतं, पहिला मार्ग घ्या. मी तिच्या टीमला घाबरले. स्वतःला घाबरायचं सुचलंच नाही.

कुकर लावलेला तसाच राहिला. फोन वाजला की मी आधी नंबर बघायची. एकदा टूथपेस्टच्या कंपनीचा होता, एकदा चाळीच्या कमिटीचा. मी ओट्यापाशी उभी होते, बसलेच नाही. बसले तर काही तरी वाईट होईल असं वाटत होतं.

तीनच्या सुमारास तिचा फोन आला. मागे पोरांचा गलका होता, शाळा सुटली असावी.

“मावशी, माझ्या पानावर एक चूक आहे.”

मी ओट्याची कड धरली.

“उंची,” ती म्हणाली. “पाच-दोन लिहिलीय तुम्ही. मी पाच-तीन आहे.”

देवा रे! मी भिंतीला टेकले. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “हो गं बाळा, करते, आत्ता करते,” असं मी चार वेळा म्हणाले.

“आणि आणखी एक.” ती चालत बाजूला गेली असावी, गलका कमी झाला. “तो शेरा. दत्तक हे वहीत राहू दे, मुलाला आधीच कळलेलं बरं. फक्त ‘मुलीस माहीत नाही’ तेवढं काढा.”

मी म्हटलं, “तुला... कधीपासून...”

“दहावीपासून. फॉर्मसाठी कपाटात दाखला शोधत होते, तेव्हा कागद सापडले. आईबाबांना सांगू नका हं मावशी. त्यांना वाटतं मला माहीत नाही. तसंच वाटू दे.” आणि मग, माझं हुंदके देणं ऐकून असेल, तीच मला म्हणाली, “तुम्ही रडू नका. आधी पाणी प्या. साइट बंद केलीत ना? झालं मग.”

फोन ठेवल्यावर मी मटकन खाली बसले. आईला सगळं सांगितलं. तिनं देवाच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाली, “शाणी पोर ती. काय शाणी पोर!” चार वाजता आम्ही गार भात-आमटी जेवलो. इतकी गोड लागली मला ती आमटी! कितीतरी वर्षांत मला कशाची भीती वाटत नव्हती, अशी ती एवढीच दीड-दोन तासांची वेळ.

मग मी खातं कायमचं पुसून टाकायला बसले. पुसायच्या आधी त्या साच्यानं मला एक तक्ता दाखवला. आतापर्यंत तो मी कधी पाहिला नव्हता. कुठलं पान किती जणांनी आणि किती वेळा उघडलं याचा, आमचं स्वतःचं उघडणं सोडून. बहुतेक पानं दोनदा-तीनदा उघडली होती. भायखळ्याच्या मुलाचं नऊ वेळा, त्यानं मित्रांना दाखवलं असणार. तिच्या पानापुढे लिहिलं होतं, माणूस एक, आणि त्याच्या पुढे, एकसष्ट वेळा.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एकसष्ट. गुरुवारी संध्याकाळपासून शुक्रवारी सकाळपर्यंत, एकाच फोनवरून. दुसऱ्या कुणीही ते पान उघडलं नव्हतं. मी स्वतःला खूप समजावलं. उंची बघत असेल, फोटो बघत असेल, पोरी आपला फोटो बघतातच. पण ज्या मुलीला दहावीपासून माहीत आहे, ती ते पान एकसष्ट वेळा कशाला उघडेल?

मी खातं पुसलं. आईला तक्त्याचं सांगितलं नाही. त्या पोरीला फोन करून विचारायचं म्हणून दोनदा नंबर काढला आणि दोन्ही वेळा ठेवून दिला. विचारणार तरी काय होते? ज्या पोरीनं माझ्यासाठी ते दहावीचं सांगितलं, तिला खोटं पाडणार होते?

रविवारी सकाळी ती आली, तिच्या आईला घेऊन. साइट नाही, तर वहीसाठी नवा फोटो द्यायला. तिच्या आईला काहीही कळलेलं नव्हतं, बाई मजेत होती. आमच्या आईनं पोरीचा हात हातात घेऊन ठेवला होता. मी वहीत उंची दुरुस्त केली, पाच-तीन. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“हा फोटो घ्या, पण यात नाक नीट आलेलं नाही हो,” तिची आई फोटो टेबलावर सरकवत म्हणाली. “नाक हिनं माझ्या आईचं घेतलंय. अगदी हुबेहूब.”

वर बघायची माझी छाती होईना. मी फोटोकडेच बघत राहिले.

“हो मावशी,” ती पोर म्हणाली, “सगळेच म्हणतात.”